दाजींची बिनधुराची शेगडी

तुलना केल्याशिवाय आमच्या साडूंनी आयुष्यात पाण्याचा घोटसुद्धा घेतला नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. मूळचे करकंबचे. सोलापुरात सात रस्त्याजवळ मोटारसायकलची सीट कव्हरं शिवण्याचं त्यांचं दुकान आहे आणि घर शुक्रवार पेठेत, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. अमुक वस्तू चांगली आहे, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. "कशापरीस?" हा प्रश्न लगेच येतो. एकदा छत्री घ्यायची होती, तर स्वतःची जुनी, दुकानातून परत करायच्या बोलीवर आणलेली नवी आणि शेजाऱ्याकडून मागून घेतलेली, अशा तिन्ही छत्र्या घेऊन ते पाळीपाळीने अंगणातल्या नळाखाली बसले होते. एका लग्नात पहिल्या पंगतीला जेवून पुन्हा शेवटच्या पंगतीला बसले आणि हात धुताना मला म्हणाले, "बासुंदी एकच न्हवती, पाव्हणं. मागनं दूध वाढवलंय." मी पतसंस्थेत हिशेब बघतो. पडताळा घेतल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय मलाही आहे, म्हणून मला त्यांचं पटतं. फक्त मी छत्री घेऊन नळाखाली बसत नाही.

अशा माणसाची एकाच गोष्टीवर तुलनेविना निष्ठा होती, ती म्हणजे बिडी. आणि अक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला, धुराचा वास आला की खोकल्याची उबळ येते. त्यामुळे घरात कायदा होता की बिडी कट्ट्यावर, आणि बिडी ओढलेला माणूसही वास जाईपर्यंत कट्ट्यावर. दाजींच्या बिड्यांचा वेग पाहता वास जायला कधी सवडच मिळत नसे. मुलगी लग्न होऊन गेली, घरात दोघंच उरली, तरी संध्याकाळ अशीच जायची. आत झोपाळ्याच्या एका टोकाला अक्का, बाहेर कट्ट्यावर दाजी आणि सोबतीला मी. एकाच बाजूला वजन असलं की झोपाळा तिरका चालतो आणि त्याची एक कडी कुरकुरते. ती कुरकूर ऐकू आली की दाजी बोलता बोलता थांबायचे. एकदा म्हणाले, "आत बसावं म्हणतो, पाव्हणं. लई दिस झालं." एवढंच. पण तेव्हापासून त्यांचा बिडीला पर्याय शोधण्याचा उद्योग सुरू झाला.

पहिल्यांदा चिलीम झाली. तिचा धूर बिडीपेक्षा जास्त, हे मला न ओढताही कळत होतं. मग वाफ घ्यायचं विजेचं भांडं. त्यात तुळस टाकून डोक्यावर सोलापुरी चादर घेऊन दाजी बसले, तेव्हा दूधवाल्याने घरात कोण आजारी आहे म्हणून विचारलं. मग दुबईच्या पुतण्याने वाळलेला पाला तापवून त्याची वाफ ओढायची यंत्रं आणली. त्यातलं एक वायरीचं होतं, त्याला मोठी पिशवी लावून फुगवायची. "दावणीला बांधल्यागत भिताडापाशी बसा! आन् लाईट गेली की पिशवी हातात," म्हणून ते बाद झालं. दुसरी काचेची नळी, ती लायटरने तापवायची. तिने मिशीचा डावा कोपरा नेला. तिसरं मात्र टॉर्चएवढं, खिशात मावणारं आणि मोबाइलसारखं चार्ज होणारं. पाला जळत नाही, नुसता तापतो. त्याला दाजी शेगडी म्हणू लागले.

असली यंत्रं आपल्याकडे विकायला बंदी आहे, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. "मी कुटं इकतोय? मी तर कुणाला हात बी लावू देत न्हाय," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. डॉक्टरांनाही विचारून आले. फुफ्फुसाला नुसती हवाच आवडते, असं डॉक्टर म्हणाल्याचं त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं आणि वर, "पर बिडीपरीस?" असं आपण विचारल्याचंही सांगितलं. डॉक्टर त्यावर हसले म्हणे. पण दाजींचं सुख मी पाहिलेलं आहे. पुदिना एकशे साठ अंशांवर गार लागतो आणि एकशे ऐंशीवर भाजक्या शेंगेसारखा, गवती चहाला घाई चालत नाही, तुळस मात्र कुठल्याही आकड्यावर समजूतदार. दुकानात गिऱ्हाइकाच्या सीटवर टाके घालता घालता एक झुरका आणि मग डोळे मिटून, "व्हय, कालच्यापरीस बरी हाय." बिडीचं बंडल खिशातून हळूहळू नाहीसं झालं.

शेवटी अक्कांनी परवानगी दिली. "एक डाव बघते. खोकला आला तर परत कट्ट्यावर." रविवारी संध्याकाळी साक्षीदार म्हणून मला आणि बायकोला बोलावलं. दाजी नवा शर्ट घालून झोपाळ्यावर अक्कांच्या शेजारी, पण जरा अंग चोरून बसले. एरवी ते पाला बोटांनी चुरायचे. या दिवसासाठी मात्र त्यांनी हाताने चुरलेली आणि खलबत्त्यात कुटलेली अशा दोन्ही तुळशी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या आणि कुटलेली बारीक म्हणून पसंत केली होती. खलबत्ता धुतला असता तर तुळस ओलावली असती, म्हणून त्यांनी तो फडक्याने पुसून घेतला. त्यातच सकाळी अक्कांनी शेंगाची चटणी कुटली होती, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

दाजींनी झुरका घेतला आणि वाफ खोलीच्या मधोमध सोडली. आधी ते खोकले, मग मी, मग बायको. अक्का तर पदर तोंडाला लावून दारापर्यंत गेल्या. "अवं, तुळस हाय का मिरचीची फोडणी?" एवढं म्हणायलाही त्यांना दम घ्यावा लागला. बायको हसत होती, मीही हसलो असेन. दाजी हसले नाहीत. पाण्याचा तांब्या अक्कांच्या हातात दिला आणि कुणी न सांगता जाऊन कट्ट्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोन दुकानांचे पेढे नेले. त्यांनी दोन्ही खाल्ले आणि म्हणाले, "सारकंच हायेत, पाव्हणं." तेव्हा मला काळजी वाटली. त्यांच्या हातात बिडीचं बंडल होतं. दोरा अजून सोडलेला नव्हता, पण त्यावरून अंगठा फिरत होता. आत कडी कुरकुरत होती. मग ती थांबली.

अक्का बाहेर आल्या. औषध कुटायचा त्यांच्या आईचा छोटा दगडी खल त्यांच्या हातात होता, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेला, आणि त्यात मूठभर सुकी तुळस. "ह्यात चटणी कुटायची न्हाय. आन् माज्या खलबत्त्यात तुळस कुटायची न्हाय. कळलं?"

"व्हय."

"मग आत या की. का पाव्हण्यांचा हात धरून बसनार हायसा?"

दाजींनी बंडल माझ्या हातात ठेवलं, त्याचं काय करायचं हेही सांगितलं नाही, आणि आत गेले.

आता संध्याकाळी कट्टा रिकामा असतो. दोघंही मला आत बोलावतात. पण झोपाळ्यावर जागा दोघांचीच आहे आणि समोर खुर्ची टाकून बसलं की उगीच पाहुणा असल्यासारखं वाटतं. म्हणून मी थोडा वेळ कट्ट्यावरच टेकतो. बिडीच्या वासाची मला कधी आवड नव्हती, तरी तिथे तो नाही हे जाणवतं. खिडकीतून भाजक्या तुळशीचा वास येतो, पाठोपाठ दाजींचा आवाज.

"कालच्यापरीस कशी हाय?"

"सारकीच हाय."

"सारकी कशी आसंल? नीट वास घे की."

झोपाळा सरळ चाललेला असतो. कडी वाजत नाही.