वेलवडची टाकी

कमलाकांत धैर्यवानांना आपल्या आडनावाची थोडी लाजच वाटे. ठाकूरद्वारच्या पाठारे प्रभू घराण्यातला जन्म; आजोबांच्या नावावर परळला चिंचेचं बन होतं, वडिलांच्या नावावर राहत्या दोन खोल्या, आणि कमलाकांतांच्या नावावर सचिवालयातलं एक टेबल. धैर्य लागावं असं काम त्या टेबलावर कधी येत नसे. छपन्न साली मात्र आलं.

दिल्लीहून एक योजना निघाली होती. खेड्यांतल्या बायका शेणाच्या गोवऱ्या थापतात, जाळतात आणि धुरात खोकत बसतात. त्याऐवजी शेण पाण्यात कालवून पक्क्या बांधलेल्या विहिरीत सोडावं, वर लोखंडी टाकी उपडी घालावी. आत वायू साठतो, तो नळीनं चुलीपर्यंत न्यावा, आणि उरलेला शेणकाला शेताला खत म्हणून द्यावा. खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलणार होतं. जंगल वाचणार, बायकांचे डोळे वाचणार आणि खात्याच्या वार्षिक अहवालात एक परिच्छेद वाढणार. तिसरा फायदा साहेबांना फार पटला. त्यांनी इंग्रजी पुस्तिका टेबलावर टाकली.

"धैर्यवान, याचं मराठी करा. तुम्हाला वेळ असतो."

वेळ होता. सबंध पावसाळाभर कमलाकांत ते मराठी करत होते. सतराव्या पानावर एक वाक्य आलं : वायू जळू लागला की स्वच्छ, निळी, बिनधुराची ज्योत दिसते. ते वाक्य त्यांनी चार प्रकारे लिहून पाहिलं आणि चारही प्रकारे त्यांना ते आवडलं. चाळिशीला माणूस कशाच्या प्रेमात पडेल हे सांगता येत नाही. काहीजण शेअर बाजाराच्या पडतात.

घरी दुर्गाबाई कोळशाच्या शेगडीसमोर बसून कोलंबीचं खडखडलं परतत होत्या. डोळ्यांना पदर लागलेला.

"खेड्यातल्या बायकांची दया आली होय सरकारला? गिरगावातही बायका राहतात म्हणावं."

"अगं, त्याला शेण लागतं. आपण आणायचं कुठून?"

"तुमच्या ऑफिसातून आणा. तिथे काय तोटा?"

खात्यानं नमुन्यादाखल एकच गाव निवडायचं ठरवलं. अर्ज तीन आले. त्यातला एक ठाणे जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाच्या वेलवडहून होता. तिथल्या शाळेचे सीताराम मास्तर यांनी लिहिलं होतं, की गावकरी विहीर स्वतः खणतील, गुरं भरपूर आहेत, आणि दिवेलागणीला मुलांना अभ्यासाला उजेड नाही. अक्षर मोत्यासारखं होतं. कमलाकांतांनी अर्जावर अनुकूल शेरा मारला. नाही म्हटलं तरी हा अक्षराचाच प्रभाव. सरकारी निर्णय बऱ्याचदा याहून कमी आधारावर होतात.

विहीर झाली. टाकी मात्र अडली, कारण लोखंडी पत्र्याला परमिट लागे आणि परमिटाला पत्र्याइतकाच वेळ लागे. तेवढ्यात सत्तावन्नचा मार्च उजाडला. एकतीस तारखेपर्यंत यंत्र सुरू झालं नाही तर अनुदान परत जाणार, म्हणजे वेलवडचं नाव कायमचं पुसलं जाणार. साहेबांनी कमलाकांतांकडे नुसतं पाहिलं. साहेबांचं काम तेवढंच असे. कमलाकांतांनी दौत पुढे ओढली आणि दाखला लिहिला : वेलवड येथील गोबर गॅस यंत्र सुरू झाले असून ज्योत निळी व बिनधुराची आहे.

आयुष्यात एवढं मोठं खोटं त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं, आणि तेही सतराव्या पानावरून उतरवून. अनुदान वाचलं. महिनाभरात परमिटही आलं आणि कमलाकांतांनी टाकीची मागणी पुढे पाठवली. ती शेऱ्यासह परत आली : सदर यंत्र सुरू आहे. सबब टाकीची आवश्यकता दिसत नाही.

ते शेजारच्या टेबलावर गेले. तिथे तात्या दिघे बसत. दादरचे कायस्थ, नियमांच्या जंगलातले जुने वाटाडे.

"अरे कमलाकांता, चालू यंत्राला नवी टाकी कोण देईल? जुनी बिघडली म्हण. दुरुस्तीत घाल."

दुरुस्तीत घातलं. वर्षभरानं वरून विचारणा झाली : जुनी टाकी भांडारात जमा केल्याची पावती जोडावी.

"आता?" कमलाकांतांनी विचारणेचा कागद तात्यांपुढे धरला.

"आता काय? पुरात वाहून गेली."

"पूर आला होता का, तात्या?"

"गावाला नदी आहे ना? मग झालं. नदी असून पूर न येणं हेच संशयास्पद."

अशा रीतीनं, कधीही नसलेली एक टाकी गंजली, मोडली आणि वाहून गेली, आणि तिच्या जागी नवी मंजूर झाली. तिकडे वेलवडला खरी विहीर नुसतीच उघडी पडली होती. सीताराम मास्तरांची पत्रं येत. पहिल्या पावसाळ्यात विहिरीत डास झाले, दुसऱ्यात कुणाची शेळी पडली, तिसऱ्यात मुलांनी तिला 'सरकारचं भोक' असं नाव ठेवलं. मास्तर मात्र तक्रार करत नसत. दरेक पत्राच्या शेवटी एकच ओळ असे : ज्योत आपल्या हातानेच पेटवावी असा गावाचा निश्चय आहे, आपण याल त्या दिवशी पेटवू.

ती ओळ कमलाकांत ट्रामच्या स्टॉपवर वाचत, जेवताना आठवत. त्याच दिवसांत मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत होते. सरकारी नोकराला मोर्चात जायची बंदी होती. पण मोर्चा आणि कमलाकांतांचं ऑफिस एकाच दिशेला होतं, आणि त्यांची चालही मोर्चाएवढीच मंद होती. घोषणा ते मनातल्या मनात देत. दुर्गाबाई गॅलरीतून मोठ्यानं देत, दोघांच्या वाटच्या.

साठ सालच्या फेब्रुवारीत टाकी तयार झाली. लालबागला एका वर्कशॉपात ती बनली होती आणि ती ताब्यात घेताना खात्याचा कुणीतरी हजर हवा होता. कमलाकांत गेले. अंगणात, लोखंडाच्या किसात, ती उपडी ठेवलेली होती. माणसाच्या उंचीची, वरून काळा डांबरी रंग. तीन वर्षं कागदावर वागवलेली वस्तू एवढी जड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"साहेब, एवढं मोठं घंगाळ उलटं कशाला वो?" वर्कशॉपचा मिस्त्री रामजी मालवणचा होता. "पानी तर राहायचं नाय यात."

"यात शेणाचा वायू राहतो. त्यावर जेवण होतं. दिवे लागतात."

रामजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, चेष्टा नाही असं दिसल्यावर टाकीकडे पाहिलं. "तुमी पायलंय पेटलेलं?"

"नाही."

"मग कसं वो?"

कमलाकांतांनी बोटाच्या पेरानं टाकीवर टिचकी मारली. आतून खोल, घुमता आवाज आला आणि बराच वेळ राहिला. त्यांनी पुन्हा मारली. मग रामजी हसायला लागला तसा हात खिशात घातला.

टाकी ट्रकनं वेलवडला पोचली. मास्तरांचं पत्र आलं : विहिरीत काला भरला आहे, टाकी आतल्या वायूने रोज बोटबोट वर उचलली जात आहे, गाव बघायला जमतं. आपण कधी येता? तलाठी भाऊसाहेब हजर राहून भेटीच्या वहीत 'ज्योत प्रथमच पेटली' असे लिहून त्याखाली आपली सही घेतील, तारखेसह.

तारखेसह. कमलाकांतांनी पत्राची घडी घातली.

जी ज्योत सत्तावन्नच्या मार्चात पेटल्याचं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं होतं, ती साठच्या एप्रिलात त्यांनीच पेटवायची, आणि तेही तलाठ्यासमोर. दाखला खोटा ठरला की अनुदान वसूल होणार. कुणाकडून, तर वेलवडकडून. टाकी उचलून नेतील. जगात एका माणसाला ती ज्योत पेटवायला जाता येत नव्हतं, आणि गाव नेमकं त्याच माणसासाठी थांबलं होतं.

"सही नका करू," दुर्गाबाई म्हणाल्या.

"वही पुढे आली की हात आपोआप जातो. एकवीस वर्षांची सवय आहे."

त्याच आठवड्यात राज्याच्या वाटणीची यादी टेबलावर आली. कोणत्या गावाची फाइल मुंबईत राहणार, कोणत्या गावाची अहमदाबादला जाणार. उत्तर टोकाची काही गावं गुजरातेत चालली होती आणि वेलवड त्यांत होतं. गठ्ठे बांधायचं काम कमलाकांतांकडे होतं.

"काय रे, हवा तो महाराष्ट्र मिळाला ना?" तात्या म्हणाले. "तोंड का असं? पेढे तरी आण."

"आणतो."

"ती फाइल ठेव हवं तर या बाजूला. कोण बघतंय? चुकून राहिली म्हणायचं."

कमलाकांतांनी फाइल हातात घेतली. इथे राहिली तर कपाटात राहील आणि तिकडे वेलवडची टाकी कुणाच्याच दप्तरात नसेल; पत्रा फाटला तर विचारणारा कुणी नसेल. त्यांनी ती अहमदाबादच्या गठ्ठ्यात ठेवली, वरून सुतळी बांधली, आणि गाठ दोनदा मारली. मग एक कोरा कागद घेतला. त्यावर जावक क्रमांक घातला नाही.

'रा. रा. सीताराम मास्तर यांस, सा. न. वि. वि. माझे येणे होत नाही. कारण लिहिता येत नाही. ज्योत पेटवावी. शाळेतील सर्वांत लहान मुलीच्या हाताने पेटवावी, म्हणजे ती पुष्कळ वर्षे सांगू शकेल.'

एक मे रविवारी आला. गिरगावात दारोदार तोरणं होती. दुर्गाबाईंनी नवी साडी नेसली आणि रस्त्यात शेजारणींबरोबर घसा बसेपर्यंत जयजयकार केला. कमलाकांतांनीही केला, या वेळी तोंडानं. पेढे वाटले. तात्यांना दोन जास्त दिले.

आठ दिवसांनी मास्तरांचं कार्ड ऑफिसच्या पत्त्यावर आलं. ज्योत पेटली. आधी दिसेना, कारण ऊन होतं. मुलीनं भीतभीत हात जवळ नेला आणि ओरडली, तेव्हा कळलं. संध्याकाळी मात्र सगळ्यांना दिसली. निळी आहे. आपण पुस्तकात लिहिली आहे तशीच.

वर्ग झालेल्या फाइलीसंबंधी आलेलं टपाल सात दिवसांत पुढे पाठवावं, असा नियम होता. कमलाकांतांनी तो सातव्या दिवशी पाळला. नक्कल ठेवली नाही. कार्ड तोवर पाठ झालं होतं.

"आता तर फाइलही गेली, सहीचा प्रश्न नाही," दुर्गाबाई शेगडीत वारा घालत म्हणाल्या. "कधीतरी जाऊन बघून या की."

"ते आता परराज्य."

"परराज्यात जायला काय लागतं?"

कमलाकांतांनी कोट काढून खुंटीला अडकवला.

"तिकीट," ते म्हणाले. आणि पाट घेऊन धुराच्या अलीकडे बसले.