एका बाजूला चेपलेलं रबर

पाळी गावच्या लोखंडाच्या खाणीवर मी तेरा वर्षं फिटर होतो. खाण बंद पडली आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, औषधाच्या कारखान्यात लागलो. तिथे मला सगळे 'खाणवालो' म्हणत. वाईट हेतूने नव्हे. पण हा मोठा हातोडा चालवणारा माणूस, नाजूक कामाला नको, असा त्याचा अर्थ असे.

तेव्हा औषधाची पावडर ड्रममधून डावाने काढून यंत्रात ओतायचे. हे काम पेडण्याची एक बाई करायची. वयाने माझ्याहून लहान, मला दादा म्हणायची. अंगभर झगा, तोंडाला मास्क, तरी जेवायच्या सुट्टीत उडणाऱ्या धुळीने तिची जीभ कडू झालेली असे. चार घास खाऊन ती डबा बंद करायची. "आजार नाय तरी माका औषध गिळूचा लागता," म्हणायची आणि स्वतःच हसायची. मला काही हसू येत नसे.

मग साहेबांनी नवा व्हॉल्व आणला. त्याचे दोन भाग. एक पावडरीच्या टाकीच्या तळाला, दुसरा यंत्राच्या तोंडाला. यंत्राभोवती उभ्या केलेल्या लोखंडी चौकटीत टाकी वर बसली की दोन्ही भागांच्या चकत्या एकमेकींना चिकटायच्या आणि एकत्रच फिरून वाट उघडायच्या. काम झालं की तशाच मिटायच्या. धूळ उडायला जागाच नाही, असं व्हॉल्वच्या कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं.

पण टाकी उचलली की यंत्राच्या तोंडावर सांडलेल्या पावडरीची पांढरी कड दिसायची. आत बसवलेलं रबराचं कडं दोनदा बदललं, कड तशीच. शेवटी साहेब वैतागले. "परत पाठवू हा. आपला डाव बरा."

बाईने माझ्याकडे पाहिलं.

काढलेली दोन्ही कडी कचऱ्याच्या पेटीत पडली होती. मी उचलून शेजारी ठेवली. दोन्ही एकाच बाजूला चेपली होती! खाणीवर धातूचा माल वाहणारा पट्टा असाच एका कडेला झिजायचा, आणि आमचा मुकादम म्हणायचा, पट्ट्याक शिव्या घालू नका, चौकट बघा.

मी साहेबांना म्हटलं, "रबराचा दोष नाही. टाकी तिरकी बसते."

"नवी चौकट आहे ती," साहेब म्हणाले. "कंपनीच्या माणसांनी बसवलीय."

"चौकट सरळ असेल. पण खालची जमीन?"

जमीन धुतल्यावर पाणी मोरीकडे जावं म्हणून तिला उतार दिलेला होता. रोज आम्ही त्यावरूनच चालत होतो. यंत्र पूर्वीच सरळ करून बसवलेलं, चौकट मात्र उतारावर तशीच उभी. मी चौकटीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावरून सरकला आणि साहेब माझ्या शेजारी उकिडवे बसले.

दुपारभर आम्ही चौकटीच्या दोन पायांखाली पत्र्याचे पातळ तुकडे सारत होतो. एक जास्त झाला, काढला. पुन्हा घातला. तिसऱ्यांदा बुडबुडा मध्यावर थांबला. मग कडं नवं बसवलं, खाली काळं कापड पसरलं आणि औषधाऐवजी दुधाच्या साखरेची पावडर टाकीत भरली. टाकी बसवली, व्हॉल्व उघडला, पावडर उतरली, व्हॉल्व मिटला.

"उचला," मी म्हटलं.

टाकी वर गेली. बाई वाकली, यंत्राच्या तोंडावरून बोट फिरवलं. मग कापडाची एकेक चुणी ताणून पाहिली. कण नव्हता.

"दादा, काय नाय रे! काय एक नाय!" ती एवढ्याने ओरडली की पॅकिंगमधली माणसं काचेला येऊन चिकटली. साहेबांनी माझा हात धरला तो सोडेचनात. आणखी दहा वेळा टाकी बसवली, दहा वेळा उचलली. कापड काळं ते काळंच.

"बाकीच्या तीन यंत्रांनाही हाच व्हॉल्व बसवू," साहेब म्हणाले, "आणि बसवायचा तुम्ही. कंपनीचा माणूस येईल, तो तुमच्या हाताखाली."

कारापूरला घरी पोचलो तेव्हा उजेड होता. बायको म्हणाली, "आज एवढे खुशीत?" चपला काढायच्या आधीच मी उंबऱ्यात उभा राहून, दोन्ही हातांच्या दोन चकत्या करून, तिला सगळं दाखवायला लागलो.