त्या ओळीतलं नाव

माझ्या बायकोने, मंगलने, आणि मी बरोबर केलेलं शेवटचं काम म्हणजे वाटाणे सोलणं. स्वयंपाकघरासमोरच्या गच्चीत ऊन आलेलं, मध्ये परात, ती तिकडून, मी इकडून. कोवळा वाटाणा दिसला की मी तोंडात टाकायचो आणि ती म्हणायची, "अहो, भाजीला ठेवाल का काही?" बस. एवढंच. त्यानंतर त्या दुपारी जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही.

आणि आधीच सांगतो — माफी मागायला मी बसलेलो नाही. मला वाईट म्हणायचं असेल तर म्हणा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं कोण काय वाकडं करणार?

मी वायरमन. सातवी शिकलो, तीही ढकलत ढकलत. आधी मिलमध्ये होतो, मिल बंद पडली तेव्हा नया बाज़ारच्या मागच्या गल्लीत वाइंडिंगचं दुकान टाकलं. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी. जळालेली तार काढायची, नवी भरायची. काम चांगलं होतं माझं. लोक लांबून यायचे. "भैया, हाथ बड़ा साफ़ है आपका," म्हणायचे.

आता हे पण सांगून टाकू का? — मिक्सरची बारीक तार मी कधी भरलीच नाही. माझी बोटं जाड. ती मंगल भरायची, घरी, दुपारची, जेवणं झाल्यावर. केसासारखी तार, एक वेढा दुसऱ्यावर चढायचा नाही. सकाळी मी डब्यात घालून दुकानात न्यायचो. गिऱ्हाईक म्हणायचं हात साफ आहे, आणि मी मान हलवायचो. इतकी वर्षं मान हलवली. तिला माहीत होतं. कधी काही बोलली? नाही बोलली. मग मी तरी कशाला बोलू?

पण कबूल करायचंय ते हे नाही. हे तर त्याच्या आधीचं. हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की पुढचं ऐकून तुम्ही असं समजू नका की म्हाताऱ्याची एका दुपारी बुद्धी फिरली.

आमची सून ऋचा घरातूनच नोकरी करते. संदीप, आमचा मुलगा, भोपाळला, शनिवार-रविवारी येतो. ऋचा इथे आमच्याजवळ जयेंद्रगंजला राहते आणि कॉम्प्युटरवर काम करते. काम काय, तर दुसऱ्याचं काम तपासायचं. मला जसं समजलं तसं सांगतो. एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये म्हणे पुष्कळ बंद डबे असतात — ती त्यांना कंटेनर म्हणते — आणि प्रत्येक डब्यात काहीतरी काम चालू असतं. डब्यांनी एकमेकांशी बोलायचं, बाहेरच्या जगाशी बोलायचं, तर मध्ये जोडणी लागते. ती जोडणी करणारं एक हत्यार आहे. त्या हत्याराला सांगावं लागतं, ह्या डब्याचं दार उघडं ठेव, त्याचं बंद. हे जे सांगायचं त्याला ऑप्शन म्हणतात. मी म्हटलं, मतलब स्विचबोर्ड. ऋचा म्हणाली, "हो बाबा, तसंच समजा."

ह्या हत्यारात कुणीही सुधारणा पाठवू शकतो. पण ती आत घेण्याआधी दुसऱ्या माणसाने तपासायची. आणि तपासताना ज्याला कुणाला खोट दिसली, त्याचं नाव त्या सुधारणेखाली एका ओळीत लिहायचं. ही त्यांच्यातली पद्धत. एकदा ते आत गेलं की ती ओळ तिथेच राहते, जगात कुणालाही दिसते, आणि नंतर बदलत नाही. ऋचानेच सांगितलं होतं हे. मी नीट ऐकलं होतं. कशाला खोटं बोलू.

ऋचाची सवय अशी, की मनातल्या मनात वाचलं तर खोट सुटते. म्हणून ती मंगलला समोर बसवून मोठ्याने समजावून सांगायची. मंगल भाजी निवडता निवडता ऐकायची. कळायचं किती? फार नाही. पण "मग पुढे?" असं विचारायची, आणि सांगता सांगता ऋचाला स्वतःलाच चूक दिसायची. मला कुणी बसवलं नव्हतं. मी आपला वाटाण्यांपाशी होतो म्हणून होतो.

त्या दिवशी कुणा लांबच्या माणसाने बदल पाठवला होता. दोन जुने ऑप्शन काढून त्याने त्यांचा एक केला होता. ऋचा खूश होती. किती सुटसुटीत केलंय, म्हणाली. वाचता वाचता सांगून गेली, की दाराबद्दल कुणी काही लिहिलंच नाही तर आधी दार बंद राहायचं, आता उघडं राहील. तेवढ्यात तिचा फोन आला आणि ती बोलत बोलत खोलीत गेली.

मंगलचा हात थांबला. म्हणाली, "अहो, पण जो काही बोललाच नाही, त्याच्या घराचं दार आपण उघडं टाकायचं? त्याला कोण सांगणार?"

मी काय म्हणालो माहीत आहे? "तुला काय कळतंय त्यातलं. वाटाणे सोल."

ती हसली. "हो बाई, चुकलं," म्हणाली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि स्वतःशीच पुटपुटत चहा ठेवायला आत गेली.

ऋचा परत आली. म्हणाली, "बाबा, काही शंका निघाली का आमच्या गुरुजींची?" — मंगलला ती गंमतीने गुरुजी म्हणायची.

आणि मी बोललो. "एक आहे. माझी आहे. जो काही बोललाच नाही त्याच्या घराचं दार उघडं का टाकायचं? त्याला कोण सांगणार?" शब्दाला शब्द. "माझी आहे" हे मी आधी म्हणालो, विचारायच्या आत. तोंडातून निसटलं असं म्हणू? नाही निसटलं. जिभेवर तयार होतं.

पडद्यावरची ती ओळ ऋचाने परत वाचली, मग कपाळावर हात मारला. "बाबा! हे तर मी वाचून पुढे गेले. जुनी मंडळी काही न लिहिता वापरताहेत, त्यांचे सगळे डबे बाहेरच्यांना उघडे पडतील. कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही. बाबा, तुम्ही कमाल आहात!" तिने तिथल्या तिथे त्या माणसाला कळवलं. म्हणाली, "त्याने दुरुस्त करून पाठवलं की खाली तुमचं नाव लावायचं. माझ्या सासऱ्यांचं नाव!"

मंगल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात कप. तिने सगळं ऐकलं होतं.

मला वाटलं, आता बोलेल. बोलायला पाहिजे होतं का तिने? तुम्ही असतात तर बोलला असतात? ती आली, ऋचाला चहा दिला आणि म्हणाली, "असलं त्यांनाच सुचणार हो. वायरमन आहेत ना." मग माझ्यापुढे कप ठेवला. "घ्या साहेब."

साहेब. लग्न झाल्यापासून तिने मला साहेब म्हटलं नव्हतं. मी चहा घेतला. गरम होता, तरी गटागटा प्यायलो. ती परत वाटाण्यांना बसली. आम्ही सोलत राहिलो. सांगायला वेळ नव्हता का? पुष्कळ होता. सगळी दुपार होती.

दिवेलागणीला ती देवापाशी वात लावायला वाकली आणि तिथेच कलंडली. समोरचे डॉक्टर धावत आले, पण काही उरलं नव्हतं. हृदय, म्हणाले. सूर्य बुडालेला, म्हणून न्यायचं सकाळवर गेलं. संदीप भोपाळहून निघाला.

आता तुम्ही म्हणाल, त्या चहामुळे गेली, त्या "साहेब"मुळे गेली. नाही. असली रडकी गोष्ट मी करणार नाही. तिचं हृदय कमजोर होतं, गोळ्या चालू होत्या. तिला मी मारलं नाही. मी जे केलं ते वेगळं आहे, आणि ते मी चांगला शुद्धीत असताना केलं. लोक मला अजून म्हणतात, क्या जोड़ी थी आप दोनों की. ऋचा पाहुण्यांना कौतुकाने सांगते, बाबांचं नाव आहे त्यात. मी मान हलवतो. रात्री तिच्या बाजूच्या उशीवर हात ठेवून झोपतो — आणि हे दोन्ही करणारा माणूस एकच आहे. पटत नसेल तर नका पटवून घेऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल बैठकीच्या खोलीत होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, तोंडात तुळशीपत्र. सवाष्ण गेली म्हणून बायका ओटी भरायच्या तयारीत. खाली बांबू बांधायचं चाललं होतं. मी तिच्या डोक्याशी भिंतीला टेकून बसलो होतो. ऋचा आली, शेजारी जमिनीवर बसली. डोळे सुजलेले. हातात फोन. अगदी हळू बोलली, बाकी कुणाला ऐकू जाऊ नये असं.

"बाबा, रागावू नका. त्या माणसाचं उत्तर आलंय. दुरुस्ती केली त्याने. नाव काय लावू विचारतोय. काल आई चहा ठेवायला गेल्या ना, तेव्हा खोलीतून मला ऐकू आलं. स्वतःशी काहीतरी म्हणत होत्या, दार उघडं टाकायचं, असं काहीतरी. आता रात्रभर तेच आठवतंय. ती शंका आईंची होती का? अजून आत गेलेलं नाही, बाबा. आईंचं नाव लावते मी. कुठेतरी राहील तरी."

मंगल माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिच्या बोटांच्या नखांत वाटाण्याच्या सालींचा हिरवा रंग तसाच होता. अंघोळ घातली तरी गेला नव्हता. तो मी बघत होतो, ऋचा बोलत असताना.

पुढचं का बोललो, ते विचारू नका. मला माहीत आहे, आणि ते चांगलं नाही.

मी म्हणालो, "माझी होती. तिला काय कळायचं त्यातलं."

ऋचाने डोळे पुसले. "हो बाबा," म्हणाली, आणि लिहायला लागली.

"पूर्ण नाव लिही," मी म्हणालो. "आडनावासकट."

तिने लिहून फोन माझ्यापुढे धरला. मी खिशातून चष्मा काढला, मंगलच्या उशाशी बसून एकेक अक्षर वाचलं, आणि म्हणालो, "बरोबर आहे. पाठव."