पाळण्यावरून दिसलेली तापी

सुरतेत तापीकाठी नवा बाजार झालाय, दुकानं, पाळणे, खाण्याच्या गाड्या, असं वर्षभर ऐकत होते. आमच्या गोडादऱ्याहून तासाभराची वाट, तरी गेले नव्हते. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या अस्थी तापीत सोडल्या, तेव्हापासून पूल आला की मी बसमध्ये डोळे मिटून घेते. या रविवारी नात परी हटूनच बसली. मुलाने, भूषणने, चपला घालता घालता विचारलं, "माय, तू येशी ना?" घरी आम्ही अहिराणीच बोलतो. "येसू," म्हटलं खरं. पण नदीकडे बघवेल का, ठाऊक नव्हतं.

चारला निघालो. आधी बस, मग शेअर रिक्षा. बरोबर लहान मूल असेल तर आणखी लवकर निघा, बसायला जागा मिळते. आत जायला तिकीट नाही.

पहिल्याच दुकानात सून कविताने साडी उचलली आणि सरळ उलटी केली. मीही दुसरं टोक धरून धागे बघू लागले. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्यांच्या घरातली ही सवय जात नाही.

दुकानदार वैतागला. "बेन, साडी सीधी देखो ना!"

कविता म्हणाली, "भैया, सीधी तो सब दिखाते हैं."

साडी घेतली नाही, पण हसून हसून भूक लागली. गरम लोचो खाल्ला, ढोकळ्यासारखाच पण मऊ, विस्कटलेला, वर शेव आणि कच्चं तेल. खानदेशी जिभेला तिखट कमी लागतं, चटणी जास्त मागून घ्या. खाताना मी नदीकडे पाठ करून बसले.

आकाशपाळण्यात लहान मुलांबरोबर मोठं माणूस लागतं. कविताला चक्कर येते आणि भूषणच्या हातात पिशव्या होत्या. "आजी, चालो ने!" परी मला ओढतच घेऊन गेली.

माणसं चढवायला पाळणा थांबला तो आम्ही अगदी वर असताना. समोर तापी. रुंद, मातकट, उन्हात चमकणारी. आमच्या गावाकडून, चोपड्याकडून, इतकी लांब आलेली. डोळे भरून आले. परी मात्र आनंदाने किंचाळत होती.

खाली भूषण मान वर करून बघत होता. गाण्यांच्या आवाजात हाक ऐकू येणं शक्य नव्हतं. त्याने पंजा आडवा फिरवला: बंद करायला सांगू? लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, खडखडाटामुळे कामगार असेच हातांनी बोलतात. त्याला हे त्याच्या वडिलांनी शिकवलं. मी डबा द्यायला जायचे तेव्हा बघून शिकले. मी बोट गोल फिरवलं. चालू दे.

"पप्पांना काय सांगितलं?" परीने विचारलं.

"आणखी एक फेरी."

आणि खरंच दुसरं तिकीट काढलं. त्या फेरीत मी नदी नीट पाहिली. तो दिवस आठवलाच. पण त्याच पाण्याकडे बघून परी पूल मोजत होती, आणि तिचं चुकलं की मी दुरुस्त करत होते.

घरी येऊन खिचडी टाकली. ह्यांच्या तिथीला भूषण दरवर्षी एकटाच घाटावर नारळ सोडून येतो. ताट वाढताना म्हटलं, "औंदा मी बी येसू."

त्याने खिचडीवर तेल घेतलं. मग म्हणाला, "मंग नारळ तूच निवडजो. मी महाग आणतो म्हणून कविता दरसाल बोलते."