भट्टीचं लिंपण

माझं लग्न ठरलं तेव्हा साक्रीच्या सासरघरची मोहाची भट्टी बंद होती, म्हणूनच माझ्या वडिलांनी होकार दिला. आमचं माहेर मेहरूणचं, बोरांच्या बागेचं. दारू गाळणाऱ्यांच्या घरी मुलगी दिली असं कोणी म्हणायला नको होतं, आणि मलाही तेच नको होतं.

माझे सासरे, आबा, मात्र भट्टी विसरले नव्हते. त्यांच्या आजोबांनी घातलेली ती भट्टी इंग्रज सरकारने बंद पाडली होती. आबांनी धुळ्याला खेटे घालघालून परवाना परत मिळवला. पडवीत उलटं पडलेलं तांब्याचं मोठं भांडं तांबटाकडून नीट करून आणलं. चूल नव्याने बांधली. डोंगरातल्या बायकांकडून मोहाची फुलं घेऊन वाळवली. साठी उलटलेला माणूस, पण त्या उन्हाळ्यात पोरासारखा हुरळून गेला होता.

त्याच उन्हाळ्यात मी माहेरी एका लग्नाला गेले. पंगतीत माझ्या शेजारचा पाट रिकामाच राहिला. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "यांची भट्टी पुन्हा पेटतेय ना?" मी भरल्या पानावरून उठले.

फुलं भिजवून आंबवली, की ती भांड्यात घालून वर मडकं चढवायचं आणि मधली फट मातीने आणि राखेने लिंपायची. वाफ थंड होऊन तिचीच दारू उतरते; ती बाहेर गेली की दारू गेली. हे लिंपण घरच्या सुनेने करायचं, अशी रीत. आबांनी माती स्वतः मळून दिली. मी पुढून चांगलं जाड लिंपलं. मागे, जिथे त्यांची नजर पोचत नव्हती, तिथे बोटभर फट तशीच ठेवून वरून पातळ हात फिरवला.

जाळ लागला, माती तडकली, वाफ निघून गेली. ओंजळभर पाणचट काहीतरी उतरलं आणि आतली फुलं करपली. आबांनी चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि मला रडू आलं. ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

"रडू नको, पोरी," ते म्हणाले. "तुना काय दोष नही शे. मनी मातीच कच्ची व्हती. मना हात आते पहिलासारखा ऱ्हायना नही."

भट्टी त्यांनी पुन्हा पेटवली नाही. माहेरच्या पंगतीत माझ्या शेजारी पुन्हा बायका बसू लागल्या. त्या तांब्याच्या भांड्यात मी आंघोळीचं पाणी तापवू लागले. आबा पाणी काढायला आले, की काठावरून बोट फिरवून बघायचे, आपलं कुठे चुकलं ते शोधायचे. मी तिथेच उभी असायचे. ते वारेपर्यंत मी त्यांना त्या फटीचं सांगितलं नाही.