मेहुण्याला न दिलेला निरोप

मेहुण्याला मी दिल्लीजवळच्या मानेसरला नोकरीत चिकटवलं ते त्याच्या भल्यासाठी नव्हे, माझ्या अब्रूसाठी. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

गावाकडे त्याने आयटीआयमधून फ्रिज-एसीचा कोर्स केला होता. दिल्लीला आल्यावर करोल बागेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात आठवडाभर काम करून दाखवून आला. पण साहेबांचा मेहुणा एसी दुरुस्त करतो हे आमच्या सरकारी कॉलनीत कळलं असतं, तर घराघरांतून त्याला बोलावणी आली असती आणि चहा दारातच मिळाला असता. मी ओळख काढून त्याला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लावलं. 'कंपनीत आहे' हे सांगायला बरं. तिथे तो चार वर्षं खोक्यांत रबरी नळ्या भरतोय. पगार काहीच न शिकलेल्यांइतका.

रुजू झाला त्याच आठवड्यात दुकानदाराचा फोन आला. नंबर माझा दिलेला होता. "लड़के को भेज दो साहब, मैकेनिक की तनख़्वाह दूँगा." "अच्छा, बताता हूँ," म्हणालो. सांगितलं नाही.

गेल्या रविवारी आमचा एसी बंद पडला. बायको भावाला म्हणाली, "शिकलायस ना? बघ की."

त्याने झाकण उघडलं आणि आत नुसता बघत राहिला. "ताई, हे नवीन आहे. मी शिकलो तेव्हा असले बोर्ड नव्हते."

"मग सर्टिफिकेट कशाचं मिळालं, पंखे पुसायचं?"

तो हसला. मला बसवेना. उठलो, पाणी प्यायलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. शेवटी उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्याने हातातले स्क्रू वाटीत ठेवले. "किती देणार होता, दाजी?"

मी आकडा सांगितला.

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरतोय, दिल्लीत आपल्या कोर्सला भाव नाही."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीकडे वळलो. त्याने नंबर मागितला. मी फोन लावून दिला, बोलला तोच. दुकानदाराने ओळखलं, पण आता हेल्परपासून सुरुवात म्हणाला, कंपनीपेक्षाही कमी पगारावर. नव्या मशिनी शिकवीन, मग बघू.

"बिल्कुल. पहली तारीख़ से आता हूँ."

फोन माझ्या हातात देत म्हणाला, "पगारात जो फरक पडेल तो तुम्ही भरायचा. मी मेकॅनिक होईपर्यंत."

मी हो म्हणालो. बायको अजून माझ्याशी बोलत नाही.