प्रश्न गाळून वाचलेले पत्र

माय गुरुवारी सकाळी गावातून निघाली. शनिवारी ती अकोल्यात मेली. त्याच शनिवारी बाबा अकोल्यावरून गावाकडे गेले.

ती आमच्या गावच्या कापसाच्या गाड्यांबरोबर अमरावतीला, माझ्याकडे येत होती. तिचा नवरा माझ्या घरी वारला असे तिला समजले होते. नवरा वारला नव्हता. तो रिकामी बैलगाडी घेऊन त्याच रस्त्याने गावाकडे चालला होता. वैशाखाचे ऊन मायला लागले. गाडीवाल्यांनी तिला मोर्णेच्या काठी अग्नी दिला. बाबा नदी ओलांडत होते तेव्हा त्यांना पलीकडच्या काठावर चिता दिसली. कोणाचीही चिता दिसली की आपण हात जोडतो, तसे त्यांनी गाडीवर बसल्या बसल्या हात जोडले आणि बैल हाकले. ती चिता तिचीच होती असे खात्रीने कोणी सांगत नाही. बाबा सांगतात.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे आणि माझ्यासारखे गाव सोडून अमरावतीला, नागपूरला, मुंबईला गेलेल्यांसाठीही. मला एकच गोष्ट हवी आहे. माझ्या मायची जागा तिला परत मिळावी, आणि ती कोणी हिरावली ते चारचौघांत मोठ्याने उच्चारले जावे. दया नको, समजूत नको. तीन वर्षे मी हा कागद लिहून फाडतो आहे.

मी गाव सोडले ते कापसाच्या तेजीत. समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि आमच्या बाळापुराकडच्या काळ्या रानात दलाल बांधावर येऊन उभे राहू लागले. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आम्ही माळी. आमच्याकडे कापूस नव्हता, विहिरीवरची वांगी, मेथी आणि कांदे होते. पण मला अक्षर येत होते, आणि अमरावतीत लिहिता येणारा माणूस मिळेल तिथून उचलत होते.

गावात अक्षर येणारे दोघेच. एक मी, दुसरे मला शिकवणारे पंतोजी. ते पुण्याकडचे, मुले शिकवायला आले आणि आमच्यातच राहिले. गावात आलेला प्रत्येक कागद पारावर बसून तेच वाचत. लोक भोवती बसत, कारण एकाचे पत्र म्हणजे सगळ्यांची करमणूक असे.

निघालो त्या दिवशी माय वेशीपर्यंत आली. म्हणाली, "लिहीत जाय बाप्पा. मले वाचता येत नाही, पन कागद त हाती धरता येते ना." बाबा म्हणाले, "शहरातलं पानी पाहून पेजो. कोन्या हिरीचं हाय ते इचारून घेजो." मी पंतोजींच्या पाया पडलो. ते म्हणाले, "अक्षर मी दिलंय, लक्षात ठेव. शहरात गेलास म्हणून ते तुझं होत नाही." तेव्हा मला तो आशीर्वाद वाटला.

अमरावतीत कापूस हवेत असे. तो वरणात पडे, पापण्यांवर बसे, शाईच्या दौतीत तरंगे. मी कापूस दाबून गठ्ठे बांधणाऱ्या प्रेसच्या आवारात त्या गासड्यांवर काळ्या शाईने खुणा आणि नंबर घालीत असे. साहेब, पाकीट, तिकीट, पोष्ट हे शब्द मी तिथे शिकलो आणि महिनाभरात ते जणू जन्मापासून बोलत असल्यासारखे बोलू लागलो. दिवसभर लिहायचो, पण वाचण्यासारखे काही नव्हते. आवारात कोणी मला काही विचारत नसे. सांगत तेवढे मी लिहीत असे.

एका रविवारी बाजारात एक पाद्री पुस्तके घेऊन बसला होता. त्याच्याकडून कळले की दक्षिणेकडच्या एका पाद्री-शाळेतून नोकरीवाल्यांना टपालाने ख्रिस्ती शास्त्र शिकवतात. पंधरा दिवसांनी पाठ येतो, खाली प्रश्न असतात. आपण रविवारी उत्तरे लिहायची, पाकिटात घालून पाठवायची, आणि ती तांबड्या शाईने तपासून परत येतात. मी नाव दिले. मला धर्म बदलायचा नव्हता. मला कोणी तरी प्रश्न विचारावेत एवढेच वाटत होते.

गावाला मी हे कळवले. बाबांनी निरोप पाठवला, "शीक, पन शेंडी सांभाळ." पंतोजी पारावर म्हणाले म्हणे, "माळ्याचं पोर आता मला शास्त्र सांगायला येणार." लोक हसले. मीही ते ऐकून हसलो.

तिसऱ्या वर्षी फाल्गुनात बाबा कांद्याची गाडी घेऊन अमरावतीला आले. परत निघायच्या वेळी एका बैलाचा पाय मुरगळला, म्हणून महिनाभर माझ्याकडे राहिले. माय वाट पाहत असेल म्हणून मी पत्र लिहिले : बाबा खुशाल आहेत, बैलाचा पाय सुधारला की निघतील, काळजी करू नकोस. त्याच रविवारी पाठाची उत्तरेही लिहिली. दोन कागद होते, दोन पाकिटे होती. माझ्या हातून कागदांची अदलाबदल झाली. मायचे पत्र पाद्र्याला गेले आणि पाठ मायला.

चूक माझी. ती कोणावर ढकलत नाही. पण चुकीनंतर जे झाले ते चुकीने झाले नाही.

त्या पाठात असे होते :

प्रश्न : तुझा बाप कोठे आहे? उत्तर : माझा बाप स्वर्गात आहे.

प्रश्न : त्याने तुला एकटे सोडले आहे काय? उत्तर : त्याने मला एकटे सोडलेले नाही.

प्रश्न : तू त्याची आठवण कशी ठेवतोस? उत्तर : मी त्याचे नाव रोज घेतो.

पुढे काय झाले ते माझी बहीण गोदा सांगते. तिला गावातच दिली आहे; ती मायच्या शेजारी बसली होती. पंतोजींनी पाकीट फोडले. कागद आधी मनाशी वाचला, अगदी शेवटापर्यंत. मग मान वर न करता वाचू लागले : "माझा बाप स्वर्गात आहे. त्याने मला एकटे सोडलेले नाही. मी त्याचे नाव रोज घेतो."

प्रश्न त्यांनी गाळले. उत्तरे तेवढी वाचली.

माय म्हणाली, "पुन्हा वाचा जी." त्यांनी पुन्हा तेच वाचले. मायने विचारले, "कधी गेले?" पंतोजी म्हणाले, "तारीख लिहिलेली नाही." आणि कागद घडी करून तिच्या हातात दिला. तिने तो हाती धरला.

बायांनी तिथेच तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले. चार दिवस ती भिंतीला टेकून बसली. पाचव्या दिवशी उठली आणि म्हणाली, "राख त पाहू द्या मले." गुरुवारी निघाली.

मला हे कशातून कळले? पाद्र्याच्या उत्तरातून. तांबड्या शाईत लिहिले होते, 'उत्तरे विषयाला धरून नाहीत. तुमच्या वडिलांच्या बैलाचा पाय आता बरा असेल अशी आशा आहे.' मी मोठ्याने हसलो. शेजारच्याला वाचून दाखवायला उठलो, आणि उठता उठता मायच्या हाती काय पडले असेल ते लक्षात आले. बाबा तोवर गावाकडे निघून गेले होते. मी पोष्टात धावलो. त्याच दुपारी गावचा एक गाडीवान माझा पत्ता विचारत आवारात शिरला.

बाबा गावात पोचले तेव्हा बाया किंचाळून घरात पळाल्या. गोदाने त्यांच्या पायाला हात लावून पाहिला. "बाबा, तुमी हाय?" तिने विचारले. ते म्हणाले, "हाय ना. तुही माय कुठं हाय?"

मी गावी गेलो आणि पारावर जाऊन पंतोजींना विचारले, "गुरुजी, प्रश्न काहून गाळले?" शहरात शिकलेली भाषा त्या क्षणी गळून पडली.

ते म्हणाले, "तू लिहिलंस तेच वाचलं. एक अक्षर पदरचं घातलं नाही."

"पन प्रश्न काहून गाळले?"

"पाद्र्याचे प्रश्न मी कशाला तोंडात घेऊ? उत्तरं तुझी होती. तुझ्या अक्षरातली."

"तुमाले समजलं होतं."

ते हसले. "तुला धडा मिळावा एवढंच मनात होतं. दोन दिवसांनी सांगणार होतो. ती एवढी धावत सुटेल हे मला काय ठाऊक?"

भोवती आठ-दहा जण होते. सगळ्यांनी ऐकले. त्यातले दोघे आता म्हणतात की असे काही बोलणे झालेच नाही.

हेही मी कदाचित गिळले असते. पण भाद्रपद आला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला आमच्याकडे अहेव म्हणतात. तिला हिरवी चोळी, हळद, कुंकू लेववून नेतात, आणि पितृपक्षातल्या नवमीला तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालतात. बाबांनी स्वतः पुरण वाटले. घरोघर जाऊन बोलावणे केले. एकही सवाष्ण आली नाही. पंतोजींनी निवाडा दिला होता : बांगड्या फुटल्या, कुंकू पुसले, रांडव म्हणून जळाली, आता तिला अहेव म्हणता येत नाही. तिचा नवरा दारात पाट मांडून उभा होता, जिवंत. संध्याकाळी त्याने ते पान गाईला घातले आणि म्हणाला, "मी जिता हाय हे आता कोनाले पटवून देऊ?"

त्या दिवशी मी ठरवले.

पाठ मी सोडले नाहीत. उलट नेटाने केले. लोकांना वाटले मी आता बाटणार. मी त्या शास्त्रात सूड शोधत होतो, आणि तो पानोपानी सापडत होता. पण प्रत्येक ठिकाणी तो देवाच्या हातात होता. मी उत्तरात लिहिले की ज्याने जाणूनबुजून अर्धे वाचले त्याला अर्धेच माफ करावे काय. तांबड्या शाईत आले, 'सूड घेणे माणसाचे काम नव्हे. देवावर सोपवा आणि वाट पाहा.' मी वाट पाहिली. लढाई संपली, कापसाचा भाव पडला, शिंगांवरच्या शेंब्या विकल्या गेल्या, आगगाडी अकोल्यावरून धावू लागली. देव आमच्या गावात आला नाही. टपाल मात्र येते.

म्हणून मी टपालानेच गोदाला शिकवले. पाद्री मला शिकवी तसे. फक्त पाकीट पारावर जाऊ नये म्हणून दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या गाडीवानाकडे देई, त्यात मोठी मोठी अक्षरे, खाली प्रश्न. ती चुलीच्या कोळशाने उत्तरे लिहून पाठवी. मी तपासून परत करी. पहिल्या वर्षी तिला बाराखडी आली. दुसऱ्या वर्षी तिने लिहिले, 'दादा मले आता जोडाक्षर येते.' या वर्षी ती मायचा तो कागद स्वतः वाचू शकली, प्रश्नांसकट. नवऱ्याशिवाय कोणाला हे ठाऊक नाही. आता सगळ्यांना होईल.

या लेखाच्या दोन प्रती केल्या आहेत. एक पंतोजींच्या हातात आहे. ते पारावर बसून ती वाचत आहेत. दुसरी गोदाच्या हातात आहे. गोदे, बोट ठेवून चाल. जिथे ते गाळतील तिथून तू उचल, आणि मोठ्याने वाच.

पंतोजी, तुम्ही लिहिलेले तेच वाचता, पदरचे अक्षर घालत नाही. तर हे वाचा :

'मी प्रश्न गाळले. मला सर्व समजले होते. नवरा जिवंत असताना मी एका बाईचे कुंकू पुसवले आणि तिला उन्हात धाडले. ती अहेव गेली. तिच्या नवमीला पहिले बोलावणे माझ्या घरी करा.'

वाचलेत तर तुमच्या तोंडून गेले. नाही वाचलेत तर एका माळणीने तुमच्यासमोर वाचले. यातले कोणतेही झाले तरी मला चालेल. तुम्ही मला अक्षर दिले हे खरे आहे, आणि ते आता माझे आहे.

गाव सोडून गेलेल्यांनो, तुमचा कागद तिकडे कोण आणि कसा वाचतो ते एकदा विचारून घ्या. मी तीन वर्षे विचारले नाही.

घर म्हणजे काय असे आता कोणी विचारले तर मी बाबांकडे बोट दाखवतो. ते माझ्या खोलीमागच्या दोन वाफ्यांत मेथी लावतात आणि कमी बोलतात. गावचे घर बंद आहे. विहीर दुसरे लोक वापरतात. मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. मी माफ केलेले नाही.